संबळ, हलगी, तुणतुणं आणि गिटार: फ्यूजन गाणं कोणत्या क्रमानं करायचं

सांगली-साताऱ्याकडची बरीच पोरं हल्ली गोंधळ, जागरण, ओवी, धनगरी ढोल यांत गिटार, बेस, इलेक्ट्रॉनिक बीट मिसळून गाणी करतात. त्यातली काही जण अर्धवट झालेलं गाणं मला पाठवतात आणि विचारतात, "दादा, सगळं सुरात आहे, तालात आहे, तरी जोडल्यासारखं का वाटतंय?" ऐकल्यावर बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते. आधी लॅपटॉपवर ट्रॅक तयार केलेला असतो आणि त्यावर गायला लोककलावंताला बोलावलेलं असतं.

माझं पहिलं गाणं याच पायी वाया गेलं. मिरजेत घरी बसून मी पांढरी दोनमध्ये (पेटीची दुसरी पांढरी पट्टी सा धरून) मिनिटाला १२० ठोक्यांच्या वेगाचा ट्रॅक बांधला. आटपाडीकडच्या एका गोंधळी मामांना बोलावलं आणि कानाला हेडफोन लावला. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "बाळा, ह्ये लई खाली हाय. आन् ती टिकटिक आधी बंद कर." टिकटिक, म्हणजे ताल धरायची क्लिक, बंद केली, तेव्हा ते काळी चारमध्ये असे गायले की दारात माणसं जमली. माझा ट्रॅक मात्र त्या गाण्याला कुठूनच लागेना.

म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. उदाहरणासाठी एक नेहमीचा संच घेतो: गोंधळी गायक, संबळ, तुणतुणं, एक हलगी, त्यावर गिटार, बेस आणि हवा असेल तर बीट. ढोल-कैताळ (धनगरी ढोल आणि झांज) किंवा चौंडकं (यल्लम्माच्या गाण्यांचं एकतारी वाद्य) असलं तरी क्रम हाच.

टप्पा १ : आधी गावाला जा

पहिल्या भेटीला माइक नेऊ नका. फोन पुरे. त्यांच्या घरी, त्यांच्या अंगणात, त्यांच्या लयीत तीन-चार गाणी ऐका आणि परवानगी घेऊन साधं रेकॉर्डिंग करा. पुढचे सगळे निर्णय या फोनवरच्या रेकॉर्डिंगवरून होतात.

वेळ कधीची धरायची, हे अनेकांना कळत नाही. चैत्र-वैशाखात जत्रा आणि लग्नं असतात, नवरात्रात गोंधळ्यांना उसंत नसते, मार्गशीर्षात जतच्या यल्लम्माची जत्रा असते. उसाचा हंगाम सुरू झाला की काही कलावंत तोडीला बाहेर असतात. पितृपंधरवड्यात कार्यं नसतात, तेव्हा माणसं मोकळी सापडतात. पण काही जण त्या दिवसांत नवं काम धरत नाहीत, म्हणून विचारूनच ठरवा. भर पावसाळा चामड्याच्या वाद्यांना वाईट. त्याचं कारण पाचव्या टप्प्यात येईल.

याच भेटीत विचारायचं: यातलं कुठलं गाणं देवापुढंच म्हणायचं आणि कुठलं बाहेर चालतं? चौंडक्यावरचे आणि संबळावरचे काही ठेके अंगात येण्याशी जोडलेले असतात. ते बीटखाली टाकून लग्नाच्या वरातीत वाजले तर ज्यांनी तुम्हाला दिले त्यांची गावात मान खाली जाते. "हे नको" म्हणाले तर विषय तिथंच संपवा.

थांबा: वाद्याला पाय लागू देऊ नका, वाद्य ओलांडू नका, चपला लांब काढा. संबळाला हळदी-कुंकू लागतं. आपल्या बँडमधल्या पोरांना हे निघायच्या आधीच सांगून ठेवा.

टप्पा २ : बिदागी आणि हक्क

सुपारी ठरवताना "एक्स्पोजर मिळेल" हा शब्द काढू नका. त्या दिवशी दुसरीकडं वाजवून जेवढे मिळाले असते त्याहून कमी देऊ नये, प्रवास आणि जेवण वेगळं. गाण्यातून पुढं पैसे आले तर वाटा किती, हे साध्या मराठीत एका कागदावर लिहा, मोठ्यानं वाचून दाखवा, दोघांच्या सह्या घ्या आणि एक प्रत त्यांच्याकडं ठेवा. कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्या कलावंताला स्वतःचा वेगळा हक्क आहे आणि तो ५० वर्षं टिकतो. गाणं पारंपरिक असलं तरी गळा आणि हात पारंपरिक नसतात.

आता शब्दांचं. कर्ता अज्ञात असलेली ओवी किंवा गोंधळ मोकळा असतो. पण लावणी, पोवाडा, छक्कड बहुधा कुणाची तरी असते आणि "लोकगीतच आहे" म्हणून ती उचलली जाते. कवीच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनेवर त्याच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो आणि ही मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून सुरू होते. वाळवा तालुक्यातलीच दोन नावं घ्या. रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव १९४५ साली गेले, त्यांच्या अशा रचना आता मोकळ्या आहेत. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे १८ जुलै १९६९ ला गेले, म्हणून त्यांच्या अशा रचना ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. एकाच तालुक्यातल्या दोन शाहिरांना नियम एकच, पण उत्तरं दोन वेगळी येतात, ती अशी.

थांबा: यूट्यूबवरच्या जत्रेच्या व्हिडिओतून हलगीचे दोन ठोके उचलून लूप करणं हीसुद्धा चोरीच. वाजवणारा तुमच्याच जिल्ह्यात आहे, त्याला बोलवा.

टप्पा ३ : पट्टी नक्की करा

इथं घाई केली तर पुढचं काहीच दुरुस्त होत नाही.

१. फोनवरच्या रेकॉर्डिंगमध्ये तुणतुणं कुठल्या सुरावर आहे ते ट्यूनर अ‍ॅपवर बघा. तीन वेगवेगळ्या गाण्यांत बघा.

२. कलावंत "माझी काळी चार" म्हणाले, तर ती कुठल्या पेटीची काळी चार हेही विचारा. जुन्या पेट्या सगळ्या ४४० वर (आजच्या वाद्यांचा ठरलेला सूर, ए = ४४० हर्ट्झ) नसतात.

३. गाण्याच्या सुरुवातीचा सूर आणि शेवटचा सूर दोन्ही लिहून ठेवा. आधाराला सूर नसेल तर चांगला गाणाराही शेवटापर्यंत थोडा वर-खाली सरकतो. तो दोष नाही, पण तुम्हाला माहीत असायला हवं.

४. सूर दोन पट्ट्यांच्या मधे आला तर गाणाऱ्याला हलवू नका, गिटारला हलवा. समजा तुणतुणं काळी चारच्या २० सेंट (अर्ध्या सुराचे १०० सेंट) वर आहे. मग गिटारच्या ट्यूनरमधला ४४० चा आकडा बदलून ४४५ करा आणि त्यावर सगळ्या तारा लावा. कीबोर्डलाही मास्टर ट्यूनिंगची सोय असते. गाण्यात जुनी पेटी वाजणार असेल तर मात्र ती कुणासाठीच हलत नाही. मग तुणतुण्यासकट सगळी वाद्यं पेटीला लावायची.

गिटारवाल्यांची दुसरी अडचण म्हणजे या पट्ट्या त्यांच्या हाताला बसत नाहीत. कॅपोनं (गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा) ती सुटते:

- काळी एक: कॅपो चौथ्या फ्रेटवर, ए चा आकार
- काळी दोन: पहिल्या फ्रेटवर, डी चा आकार
- काळी तीन: दुसऱ्या फ्रेटवर, ई चा आकार
- काळी चार: चौथ्या फ्रेटवर, ई चा आकार
- काळी पाच: पहिल्या फ्रेटवर, ए चा आकार

"आमच्या सोयीसाठी अर्धा सूर खाली गा" असं सांगायची वेळच येत नाही. वरच्या पट्टीत गाणाऱ्याला खाली ओढलं की आवाजातली धार जाते. आणि धार गेली तर तुम्ही त्या माणसाला बोलावलंतच कशाला?

थांबा: आवाजावर ऑटोट्यून लावू नका. नैसर्गिक शुद्ध गंधार पियानोच्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट उतरलेला असतो. यंत्र तो उचलून वर नेतं आणि तुणतुण्याशी त्याचं भांडण लावतं. पंचमात हा फरक जेमतेम २ सेंटचा असतो. सातव्या टप्प्यात याचा उपयोग होईल.

तपासणी: तुणतुण्याच्या रेकॉर्डिंगवर गिटारची फक्त सा-प अशी जोडी दहा सेकंद वाजवा. आवाज हेलकावत असेल तर पुढं जाऊ नका.

टप्पा ४ : ठेका कुठून उचलतात ते विचारा

शहरात शिकलेला ड्रमर जोरात वाजलेल्या ठोक्याला "एक" धरतो. संबळावर तसं नसतं. जोराचा ठोका कित्येकदा मधे येतो आणि सम, म्हणजे ठेक्याचा फेरा जिथून सुरू होतो ती मात्रा, हलकी जाते. मग अख्खं गाणं अर्ध्या ठोक्यानं सरकलेलं राहतं आणि कुणालाच कळत नाही काय बिघडलंय.

यावर उपाय सोपा. संबळवाल्या काकांना वाद्य बाजूला ठेवायला सांगा. तोंडानं बोल म्हणायला लावा आणि "ठेका जिथून उचलता तिथं टाळी द्या" म्हणा. ती टाळी फोनमध्ये घ्या. तीच तुमची "एक".

दुसरं, मात्रा मोजा. गोंधळाची चाल पुष्कळदा सहाच्या अंगानं चालते. ती दोन-दोनमध्येही मोजता येते आणि तीन-तीनमध्येही. भजनी ठेका आणि केरवा आठाचे, पण त्यांच्यातही एक झोका असतो. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं नसतं, एक लांब आणि एक आखूड पडतं. सरळ चारचा बीट त्याखाली सरकवला की तो झोका मरतो. बैलगाडीला रुळावर चालवण्यासारखं होतं ते.

तिसरं, वेग. गाणं ९६ ला सुरू होऊन शेवटी ११२ ला जात असेल तर ते तसंच जाऊ द्या. ती चढलेली लय हाच गाण्याचा उठाव असतो.

चौथी गोष्ट ओळींची लांबी. गाणारा दोन कडव्यांच्या मधे किती आवर्तनं (ठेक्याचे फेरे) थांबेल, ते समोरच्या माणसांवर ठरवतो. झील धरणारे (मागून ओळ उचलणारे साथीदार) सूर किती लांबवतात, त्यावर पुढची ओळ पडते. चार-चार बारचे डबे करून त्यात हे कोंबू नका.

टप्पा ५ : वाद्यं तयार करणं

तुणतुण्याची तार नवी घालायची असेल तर दोन दिवस आधी घाला. नवी तार उतरत राहते.

हलगीला वेळ द्या. चामड्याची हलगी हवेतला ओलावा ओढते आणि सैल पडते. रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी ती "थप्प" अशी वाजेल. आमच्याकडं उसाचं पाचट नाहीतर कागद पेटवून त्यावर ती शेकतात. जाळावर धरून ठेवत नाहीत, वीतभर वरून फिरवतात, मधे मधे बोटानं टिचकी मारून बघतात. टिचकीचा आवाज हळूहळू वर चढतो आणि एका क्षणी "टण्ण" असा सुटतो. तिथं थांबायचं. आणखी शेकली तर चामडं फाटतं. हे काम वाजवणाऱ्यालाच करू द्या, त्याचा कान त्यात तयार असतो.

पण हा ताण टिकत नाही. पंधरा-वीस मिनिटांत हलगी पुन्हा उतरायला लागते. म्हणून माइक, केबल, लेव्हल सगळं आधी दुसऱ्या एखाद्या वाद्यावर तपासून ठेवा आणि हलगी शेकून आली की लगेच घ्या. बाहेर जाळ विझू देऊ नका, दोन टेकनंतर (दोनदा रेकॉर्ड झाल्यावर) ती परत शेकावी लागते. कडाक्याच्या पावसात दर पाच मिनिटांनी हेच करावं लागतं, पावसाळा टाळायचा तो यासाठी.

प्लॅस्टिक पानाची हलगी शेकावी लागत नाही आणि जत्रेत तिची सोय होते. रेकॉर्डिंगला मी तरी चामड्याचीच मागतो. प्लॅस्टिकचा आवाज कानात टोचतो आणि मिक्समध्ये तो मऊ करता येत नाही.

टप्पा ६ : रेकॉर्डिंग

जागा: पत्र्याचं शेड नको, हलगीसोबत पत्रा वाजतो. फरशीची रिकामी खोलीही नको. जाड भिंतींचं जुनं घर, खाली सतरंजी आणि दोन भिंतींवर वाकळा टांगलेल्या, एवढ्यावर उत्तम काम होतं. फ्रिज आणि पंखा बंद, लॅपटॉप बॅटरीवर. शेतीपंपाची वीज कधी येते ते घरच्यांना विचारा. मोटार सुरू झाली की तिची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते.

क्रम असा ठेवा:

१. गायक, तुणतुणं आणि संबळ एकत्र, एकमेकांसमोर बसून. क्लिक नाही, ट्रॅक नाही. संबळवाल्याला गायकाचा चेहरा दिसलाच पाहिजे, तो श्वासावर ठेका फिरवतो.

२. सुरुवातीला एक टाळी आणि अर्धा मिनिट शांत खोली रेकॉर्ड करा. दोन्ही नंतर उपयोगी पडतात.

३. पूर्ण गाणं किमान तीनदा. "फक्त दुसरं कडवं परत" असं पहिल्या दोन टेकला म्हणू नका.

४. हलगी वेगळी, नंतर. ती एवढी मोठी वाजते की गायकाच्या माइकमध्ये तिच्याशिवाय काही उरत नाही. हलगीवाल्याला आधीचं गाणं एकाच कानात ऐकवा, दुसरा कान मोकळा.

दोनच माइक असतील तर एक गायकापासून वीतभर अंतरावर आणि दुसरा संबळ-तुणतुण्याच्या मधे, तुणतुण्याच्या बाजूला झुकलेला. माइक आपल्या वाद्यापासून जितका लांब, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये ठेवा, नाहीतर आवाज पोकळ होतो. हलगीला एसएम ५७ सारखा साधा डायनॅमिक माइक तीन-चार फुटांवरून चांगला. पानाला चिकटवू नका.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर. लेव्हल ठरवताना सर्वांत मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. तपासणीत माणूस हात राखून वाजवतो, खरं गाणं सुरू झालं की रंगात येतो. फाटलेला ठोका परत जुळत नाही.

तपासणी: जागा सोडण्यापूर्वी सगळ्यांना एकत्र बसवून पूर्ण टेक ऐकवा. चूक त्यांना तुमच्याआधी कळते.

टप्पा ७ : यंत्राला माणसामागं चालवा

आता लॅपटॉप. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ६० दिवस ते पैसे न भरता वापरून बघता येतं. टेम्पो मॅप (गाण्याचा वेग कुठं किती बदलतो त्याचा नकाशा) करण्यापूर्वी प्रोजेक्टचा टाइमबेस "टाइम" वर ठेवा. तो तसा न ठेवल्यामुळं दोन दिवसांचं काम वाया गेलेल्यांचे निरोप मला नेहमी येतात. टेम्पो बदलला की रेकॉर्ड केलेला आवाजच सरकतो किंवा ताणला जातो.

मग टाळीनं सापडलेल्या समेवर खुणा करा. प्रत्येक आवर्तनाला एक खूण. प्रत्येक ठोक्यावर खूण केली की बीट अडखळत चालल्यासारखा येतो, दहा आवर्तनांत एकच केली की मधल्या मधे सुटतो. बीट, सिंथ, डिले सगळं या नकाशावर चालेल आणि गाणं चढेल तसं तेही चढेल. संबळ किंवा हलगी क्वांटाइझ करू नका, म्हणजे त्यांचे ठोके यंत्रानं नेमक्या जागी ओढू नका. सरळ करायचंच असेल तर तुमचा बीट त्यांच्या झोक्याला वाकवा.

गिटार: पहिल्या दिवशी मेजर-मायनर कॉर्ड नको. या चालींत एकाच ओळीत शुद्ध आणि कोमल दोन्ही गंधार येऊन जातात. तुम्ही एक कॉर्ड धरून ठेवलात की दुसरा गंधार बेसूर वाटतो आणि दोष गाणाऱ्यावर येतो. सा-प नं सुरुवात करा, ती जोडी कुणाशी भांडत नाही. मग चाल पाठ झाल्यावर जिथं गंधार नक्की एकच लागतो तेवढ्या जागी पूर्ण कॉर्ड घाला. काही गाण्यांत अशी जागा येतच नाही, तेव्हा नका घालू.

बेस: संबळाचा किंवा ढोलाचा "धुम" जिथं पडतो तिथं बेस थांबला पाहिजे, किंवा नेमका त्याच्यासोबत पडला पाहिजे. अधलंमधलं काही चालत नाही. गजी ढोल (धनगरांच्या गजी नाचाचा ढोल) असेल तर बेस निम्मा करा.

ड्रम: हलगी असेल तर स्नेअर (ड्रमसेटमधला कडक वाजणारा ड्रम) काढून टाका. दोघींची जागा एकच आहे आणि स्नेअर जिंकली तर हलगी फक्त व्हिडिओत दिसेल. माझ्याशी यावर अनेकांनी वाद घातला आहे. स्नेअर बंद करून एकदा ऐका, एवढंच मी सांगतो.

टप्पा ८ : मिक्स

तुणतुण्याचा साधारण १५० हर्ट्झखालचा भाग कापा, पण त्याची करकर साफ करू नका. हलगीवर कॉम्प्रेसर (मोठे ठोके दाबणारी सोय) जपून, टण्ण मधला पहिला "ट" गेला की पत्र्याचा डबा उरतो. गायकाला पुढं ठेवा. शब्द कळले पाहिजेत, झीलकरी थोडे मागं. लांबलचक रिव्हर्ब (घुमारा) नको, ही गाणी अंगणातली आहेत. आवाज उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाचा मोठेपणा मोजायचं माप) आसपास ठेवला तरी चालतो, स्पॉटिफायसारखी ठिकाणं मोठं गाणं स्वतःच त्या पातळीला उतरवतात.

ऐकताना फोन, चारचाकी आणि जमल्यास ट्रॅक्टरवरचा स्पीकर, तिन्हीवर ऐका. आपल्याकडं गाणं शेवटी तिथंच वाजणार आहे.

टप्पा ९ : परत गावाला

अपलोड करण्यापूर्वी मिक्स घेऊन त्याच घरी जा आणि पूर्ण ऐकवा. तोंडानं "चांगलं झालंय" म्हणतीलच, तुम्ही हाताकडं बघा. मांडीवर ठेका धरला आणि मधेच सोडला, तर ती जागा वेळेसकट लिहून घ्या. तिथं तुमचा बीट चुकलाय. दुरुस्त करून पुन्हा ऐकवा.

उरलेले पैसे त्याच भेटीत द्या, गाणं पेनड्राइव्हवर द्या. नावं त्यांना विचारून, ते सांगतील तशी लिहून घ्या आणि प्रत्येक नावापुढं वाद्य आणि गाव लिहा. तुमच्या नावाखाली नुसतं "सोबत लोककलावंत" असं असेल, तर ते खोडून नावं भरल्याशिवाय अपलोडचं बटण दाबू नका.